नवं प्लेअर्स हँडबुक: फायटरच्या हातात आता काम आहे, पण लढाई संपेपर्यंतच

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं वठवायच्या खेळात, कुठल्याही टेबलावर, पाचवी लेव्हल (पात्राच्या ताकदीची पायरी) आली की खेळाचा तोल हलतो. फायटरला, म्हणजे शस्त्रानं लढणाऱ्याला, एका टर्नमध्ये दुसरा वार मिळतो आणि विझार्डला, म्हणजे जादूगाराला, फायरबॉल हा घोळक्यावर फुटणारा आगीचा गोळा. २०१४ च्या पुस्तकानुसार खेळताना इथून पुढे एक खेळाडू स्पेल्सची (मंत्रांची) यादी चाळत दहा पर्यायांतून एक निवडायचा आणि दुसरा "भाऊ, मी मारतो, परत मारतो" म्हणून फासे शेजाऱ्याकडे सरकवायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये निघालेल्या सुधारित प्लेअर्स हँडबुकनं, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकानं, याच दुखण्याला हात घातला आहे. लढाईतलं अंतर त्यानं बरंचसं भरून काढलंय. लढाईबाहेरचं अंतर थोडंच कमी झालंय. आणि दोन लाँग रेस्टमध्ये, म्हणजे ताकद परत देणाऱ्या दोन मोठ्या झोपांमध्ये, किती लढाया व्हाव्यात, हा जो या सगळ्याचा मूळ प्रश्न आहे, त्याबद्दल पुस्तक गप्प आहे. नागपुरात रविवारी दुपारी साडेतीन-चार तास बसणाऱ्या गटाला नेमका हा तिसरा प्रश्नच सर्वांत जास्त छळतो. म्हणून पुस्तक घ्यावंच, पण सोबत टेबलाचे दोन-तीन नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावेत.

आधी पुस्तकाबद्दल. ३८४ पानं, १२ क्लास (पात्रांचे पेशे), ४८ सबक्लास, ७५ फीट (पात्राला जादा मिळणारी कौशल्यं), ३९१ स्पेल्स. छापील किंमत ४९.९९ डॉलर. मांडणी जुन्यापेक्षा खूपच सुटसुटीत आहे. क्लासचा तक्ता, फीचर्स आणि सबक्लास सलग सापडतात आणि शेवटी नियमांची वर्णानुक्रमे सूची आहे. खेळ मध्येच अडला तर त्या सूचीत उत्तर पटकन मिळतं. पण पानं चाळतानाच एक गोष्ट डोळ्यांत भरते: स्पेल्सना शंभराच्या आसपास पानं आहेत आणि जगातली सगळी शस्त्रं एका तक्त्यात मावली आहेत. तराजू कुठे झुकलाय ते तिथेच दिसतं.

नव्या पुस्तकातलं सर्वांत चांगलं काम म्हणजे वेपन मास्टरी. प्रत्येक शस्त्राला आठपैकी एक गुण दिला आहे. ग्रेटस्वर्डला ग्रेझ, म्हणजे वार चुकला तरी तुमच्या मॉडिफायरएवढं (ताकदीच्या गुणावरून मिळणाऱ्या बेरजेएवढं) नुकसान होतंच. मॉल आणि बॅटलॲक्सला टॉपल: ज्याला लागलं त्याचा कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (चिवटपणावर टाकायचा बचावाचा फासा) चुकला की तो आडवा. लाँगस्वर्डला सॅप: त्या शत्रूचा पुढचा हल्ला डिसॲडव्हान्टेजनं होतो, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. रेपियर आणि शॉर्टबोला व्हेक्स: त्याच शत्रूवरचा तुमचा पुढचा हल्ला ॲडव्हान्टेजनं, म्हणजे दोनांतला मोठा आकडा. वॉरहॅमर, पाइक आणि हेवी क्रॉसबोला पुश: लार्ज किंवा त्याहून लहान शत्रू सरळ १० फूट मागे. क्लीव्ह, स्लो आणि निक हे उरलेले तीन. फायटर पहिल्या लेव्हलला तीन शस्त्रांची मास्टरी घेतो, चौथीला चार, दहावीला पाच, सोळावीला सहा, आणि लाँग रेस्टनंतर त्यातलं एक शस्त्र बदलता येतं. महत्त्वाचं हे की याला कुठला स्लॉट (स्पेल टाकण्याचा मोजका वापर) लागत नाही. पहिल्या राउंडला जे जमतं ते विसाव्या राउंडलाही जमतं. थकलेल्या विझार्डशेजारी ताजातवाना फायटर, हे चित्र या खेळात पहिल्यापासून अपेक्षित होतं. ते आता खरंच दिसतं.

मास्टरी वापरताना दोन ठिकाणी गाडी अडते. टॉपलचा सेव्ह प्रत्येक लागलेल्या वाराला असतो, त्यामुळे पाचव्या लेव्हलनंतर एका टर्नमध्ये हल्ला-सेव्ह-हल्ला-सेव्ह अशी रांग लागते. उपाय सोपा आहे. डीसी, म्हणजे सेव्हला गाठायचा आकडा, आधीच लिहून ठेवायचा: आठ अधिक प्रोफिशिअन्सी (लेव्हलनुसार मिळणारी बेरीज) अधिक स्ट्रेंग्थचा मॉडिफायर, पाचव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १८ असेल तर १५. वार लागला रे लागला की डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) विचारायची वाट न पाहता सेव्हचा फासा टाकायचा. दुसरी अडचण डावपेचाची आहे. आडव्या पडलेल्या शत्रूवर पाच फुटांच्या आतून ॲडव्हान्टेज मिळतो, पण लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हान्टेज. पार्टीत रेंजर (रानातला शिकारी) आणि रोग (चोर) दोघंही धनुष्यवाले असतील तर मॉलवाला फायटर नकळत आपल्याच माणसांचे हात बांधतो. अशा पार्टीत लाँगस्वर्ड किंवा वॉरहॅमर बरा.

पुशचा खरा कस एका जोडीत दिसतो. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) किंवा रेंजरनं दुसऱ्या लेव्हलचा (स्पेल्सच्या लेव्हल वेगळ्या) स्पाइक ग्रोथ हा काट्यांचा स्पेल जमिनीवर पसरला की त्यातून सरकणाऱ्याला दर पाच फुटांना २डी४ (चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) लागतात. म्हणजे १० फुटांचा एक धक्का सरासरी १० नुकसानीचा, शस्त्राचं वेगळं. इथे जादू आणि शस्त्र एकमेकांशी स्पर्धा करत नाहीत, गुणाकार करतात, आणि तोल साधायचा तो असाच साधावा असं आमचं ठाम मत आहे. पण वॉरहॅमरनं हे करायला गेलात तर पहिल्या धक्क्यात शत्रू हाताबाहेर जातो आणि दुसरा वार करायला स्वतः काट्यांत उतरावं लागतं. त्यासाठी हेवी क्रॉसबो घ्यावा, आणि लोडिंगची (दर ॲक्शनला एकच बाण मारण्याची) अट काढून टाकायला क्रॉसबो एक्स्पर्ट फीट. आता यातली खोच सांगायलाच हवी. वॉरलॉक हा जादूवाला दुसऱ्या लेव्हलपासून रिपेलिंग ब्लास्ट घेऊन एल्ड्रिच ब्लास्टच्या प्रत्येक किरणानं असाच १० फुटांचा धक्का देतो, १२० फुटांवरून, फीट न खर्चता, स्लॉट न खर्चता. फायटरला नवं खेळणं दिलं खरं, पण तसलंच शेजारच्या घरात आधीपासून होतं.

नुकसानीचे आकडे मांडून बघितले की पुस्तकानं काय साधलं आणि काय सोडलं ते स्पष्ट होतं. पाचव्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १८, ग्रेटस्वर्ड, ग्रेट वेपन मास्टर फीट. शत्रूचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५ धरला तर ६५ टक्के वार लागतात. लागला तर १४, चुकला तरी ग्रेझमुळे ४. दोन वारांचे, क्रिटिकल म्हणजे २० पडल्यावरचा जादा मार धरून, साधारण २१.७ होतात. २०१४ च्या नियमांनी, स्ट्रेंग्थ १८ आणि तीच तलवार, फीटशिवाय हाच आकडा १५ होता. जुन्या ग्रेट वेपन मास्टरची वजा पाच-अधिक दहा ही युक्ती (वार लागण्यात पाच कमी, नुकसानीत दहा जास्त) लावली तरी त्या लेव्हलला तो फारसा हलत नसे, कारण फीट घेतल्यानं स्ट्रेंग्थ १६ वर अडकायची. वाढ मोठी आहे आणि तीही जुगार न खेळता.

आता त्याच लेव्हलचा विझार्ड. इंटेलिजन्स १८, डीसी १५. फायरबॉल ८डी६, सरासरी २८. डेक्स्टेरिटी सेव्ह अधिक दोन असलेला शत्रू ६० टक्के वेळा चुकतो. सेव्ह झालेल्यांचं अर्धं धरून माणशी २२.४ पडतात. तीन शत्रू सापडले तर एका टर्नमध्ये ६७. स्कॉर्चिंग रे सरासरी १५च्या आत, आणि स्लॉट संपल्यावर फुकटच्या फायर बोल्टचे पावणेआठ.

हे एका लढाईत, चार राउंडांत बघा: फायटर ॲक्शन सर्ज (एकदा मिळणारी जादा ॲक्शन) धरून सुमारे १०८, विझार्ड दोन फायरबॉल आणि दोन स्कॉर्चिंग रे मिळून सुमारे १६४. आता तेच पाच लढायांत, वीस राउंडांत, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (सर्जसारख्या गोष्टी परत देणारी छोटी विश्रांती) घेऊन: फायटर ५०० च्या घरात, कारण सर्ज तीनदा मिळतो. विझार्डला आर्केन रिकव्हरीनं (शॉर्ट रेस्टला काही स्लॉट परत मिळवून) तिसरा फायरबॉल परत मिळाला तरी तो ३५० च्या आसपास थांबतो, कारण चौदा राउंड तो फायर बोल्टच मारत असतो. पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट शील्ड या बचावाच्या स्पेलसाठी राखले आहेत असं यात धरलंय. क्लास तेच, पुस्तक तेच, फासे तेच. उत्तर उलटं झालं ते केवळ दोन झोपांच्या मध्ये किती लढाया झाल्या त्यावरून.

जुन्या डीएम मार्गदर्शकात दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण लढाया आणि साधारण दोन शॉर्ट रेस्ट असा हिशोब लिहिलेला होता. नव्यात तो काढून टाकला. प्रत्यक्षात तेवढ्या लढाया कुणी खेळत नव्हतं हे खरं, पण हिशोब पुसल्यानं गरज संपत नाही. धरमपेठेतल्या एखाद्या घरी दुपारी दोनला बसून सहाला उठणाऱ्या पाच जणांच्या गटात दोन लढाया झाल्या तरी खूप झाल्या. मग उठताना "चला, लाँग रेस्ट झाला, पुढच्या रविवारी ताजे" असं डीएम म्हणून जातो, आणि त्या एका वाक्यानं नव्या पुस्तकानं फायटरला दिलेलं सगळं परत घेतलं जातं. टेबलावरची सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती कुठल्याही एका स्पेलपेक्षा मोठी आहे.

यावर करायचं काय? सत्र संपलं म्हणजे दिवस संपला, हे समीकरण तोडायचं. कॅरेक्टर शीटचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा, उरलेले स्लॉट आणि एचपी (जीवाचे गुण) तसेच पुढच्या रविवारी न्यायचे. तीन रविवार मिळून पाच-सहा लढाया झाल्या की एक लाँग रेस्ट. आणि मध्ये तर्री-पोह्यासाठी जो ब्रेक होतो तोच खेळातला शॉर्ट रेस्ट समजायचा, लाँग रेस्टपर्यंत जास्तीत जास्त दोन. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण शॉर्ट रेस्ट मागायचा राहून जातो आणि नुकसान फायटर, मंक, वॉरलॉक यांचं होतं. विझार्डला तो एकदाच हवा असतो. ब्रेकला बांधला की कुणाला मागावा लागत नाही.

जुन्या मार्गदर्शकातला ग्रिटी रिॲलिझमचा पर्यायही काही गट वापरतात: शॉर्ट रेस्ट आठ तासांचा, लाँग रेस्ट सात दिवसांचा. प्रवासाच्या कथेला तो छान बसतो. मात्र त्यात मेज आर्मरसारखे आठ तास टिकणारे स्पेल्स एकदम महाग होतात. रोज एक स्लॉट फक्त कवचावर जातो. तो लावणार असाल तर आठ तासांच्या स्पेल्सची मुदत वाढवून द्या, नाहीतर तोल दुसऱ्या बाजूला कलंडतो.

स्पेल्समध्ये पुस्तकानं जी छाटणी केली आहे ती बहुतेक योग्य जागी आहे. एका टर्नमध्ये आता एकच स्पेल स्लॉट खर्च करता येतो. ॲक्शन सर्जनं स्पेल टाकता येत नाही, त्यामुळे दोन लेव्हल फायटरच्या घेऊन एका टर्नमध्ये दोन फायरबॉल टाकण्याची जुनी चलाखी बंद झाली. दुसऱ्याचा स्पेल तोडणाऱ्या काउंटरस्पेलला समोरच्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह मिळतो आणि तो चुकला तरी त्याचा स्लॉट वाचतो. फोर्सकेज या जादूच्या पिंजऱ्याला कॉन्सन्ट्रेशन (मार लागला तर मोडू शकणारं लक्ष) लागतं. कॉन्ज्युअर ॲनिमल्सनं आठ लांडगे आणून टेबलाचा अर्धा तास खाण्याऐवजी आता आत्म्यांचा एकच कळप येतो, एकाच परिणामाचा. हा बदल वेळेच्या दृष्टीनंही मोलाचा आहे. आठ लांडग्यांच्या आठ टर्न हा तोही एक असमतोलच होता, नुकसानीचा नाही तर टेबलावरच्या वेळेचा.

एक ठिकाण मात्र पहिल्या छपाईत घसरलं: कॉन्ज्युअर मायनर एलिमेंटल्स. वरच्या स्लॉटनं टाकला की दर लेव्हलला प्रत्येक वारामागे २डी८ वाढत होते, आणि अनेक किरणांच्या स्पेलसोबत त्याचा डोंगर व्हायचा. नंतरच्या दुरुस्तीत ते १डी८ केलंय. तुमच्याकडे पहिली छपाई असेल तर त्या पानावर पेन्सिलनं दुरुस्ती करून ठेवा. शील्डला मात्र हात लावलेला नाही. पहिली लेव्हल फायटरची घेऊन चेन मेल आणि ढाल चढवलेल्या विझार्डचा एसी १८, त्यावर शील्ड म्हणजे २३. अधिक चारनं मारणाऱ्या गॉब्लिनला १९ किंवा २० पडावे लागतात. अशी पात्रं टेबलावर आली की राक्षसांचे हल्ले वाढवत बसू नका, त्यात फायटर आधी मरतो. सेव्ह मागणारे परिणाम वापरा. शील्ड तिथे काहीच करत नाही.

लढाई संपली की पुस्तकाची मेहनतही पातळ होते. फायटरला दुसऱ्या लेव्हलला टॅक्टिकल माइंड मिळतं: एखादा ॲबिलिटी चेक (काम जमतं का याचा फासा) चुकला तर सेकंड विंडचा (स्वतःला सावरण्याच्या क्षमतेचा) एक वापर खर्चून त्यात १डी१० मिळवता येतो, आणि तरीही चुकला तर वापर फुकट जात नाही. ही रचना खरंच विचारपूर्वक केलेली आहे. बार्बेरियनला तिसऱ्या लेव्हलपासून रेजमध्ये (संतापात) असताना स्टेल्थ (लपणं), परसेप्शन (हेरणं) यांसारखे चेक स्ट्रेंग्थनं करता येतात. पण हे सगळे चेक आहेत, फासा पडतो आणि चुकू शकतो. स्पेल चुकत नाही. गुडबेरीचा एक स्लॉट दहा जणांचं जेवण. जंगलात उपाशी मरण्याची कथा पहिल्या लेव्हललाच संपते. टायनी हट (जादूची झोपडी) विधी म्हणून टाकला तर अकरा मिनिटं आणि शून्य स्लॉट, वर आठ तास सुरक्षित झोप. दोन लाँग रेस्टमध्ये किमान सोळा तासांचं अंतर हवं हा नियम तुमच्या बाजूनं आहे, तो सैल सोडू नका.

म्हणून अडथळे असे रचावेत की एका स्पेलनं एकाचंच काम व्हावं. रामटेकजवळच्या नगरधनसारखा एखादा किल्ला घ्या, खेळात तट ४० फुटांचा करा, वर पहारा ठेवा. पाचव्या लेव्हलचा विझार्ड तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटनं फ्लाय टाकतो: फक्त एक माणूस, कॉन्सन्ट्रेशन, दहा मिनिटं. तो स्वतः उडाला तर कॉन्स्टिट्यूशन १४ धरून ३२ एचपीचा माणूस एकटा वर पोचतो. तटाच्या कडेशी पहिला बाण लागला की डीसी १० चा सेव्ह. चुकला तर ४० फूट खाली, ४डी६. त्यानं फ्लाय फायटरवर टाकला तर ४४ एचपीचा, चिलखतातला माणूस वर जाऊन पहारा अडवतो, दोर सोडतो आणि बाकीचे चढतात. स्पेल तोच, पण आता दोघं मिळून दार उघडतात. कुलपाचंही तसंच. नॉक टाकला की ३०० फुटांपर्यंत ठोका ऐकू जातो हे स्पेलच्या वर्णनातच लिहिलंय. डीएमनं तो आवाज खरोखर ऐकवला, पहारेकरी खरोखर आणले, की रोगच्या हत्यारांना आपोआप किंमत येते. पुस्तकात हे अंकुश आहेत. टेबलावर ते विसरले जातात.

अकराव्या लेव्हलनंतरचं चित्र बदललेलं नाही. नवव्या लेव्हलला मिळणाऱ्या वॉल ऑफ फोर्स या जादूच्या भिंतीला आजही कुठल्याही तलवारीनं ओरखडा उठत नाही. डिसइंटिग्रेट हाच उपाय, म्हणजे पुन्हा स्पेलच. तेराव्याला टेलिपोर्ट, सतराव्याला विश. सिम्युलॅक्रमच्या प्रतिकृतीला सिम्युलॅक्रम टाकता येत नाही एवढी साखळी तोडली आहे. या लेव्हलला फायटरला अधिक दोनची तलवार देऊन काही साधत नाही, त्याचं नुकसान कमी नव्हतंच. त्याला नव्या वाटा द्या. विंग्ड बूट्स दिले की तो उडतो, केप ऑफ द माउंटबँक दिली की दिवसातून एकदा डायमेन्शन डोअरनं भिंतीपलीकडे जातो. या वस्तू विझार्डनं मागितल्या तरी फायटरलाच मिळतील अशा जागी ठेवा. आणि कथा दहाव्या लेव्हलला संपवता येत असेल तर संपवा; पुस्तक तिथवर उत्तम चालतं.

ज्यांना हा सगळा सांभाळ नको आहे त्यांच्यासाठी पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची २०१९ ची दुसरी आवृत्ती आहे. तिथे प्रत्येकाला टर्नमध्ये तीन ॲक्शन, आणि एका फटक्यात लढाई संपवणाऱ्या स्पेल्सवर इनकॅपॅसिटेशनचा शिक्का असतो, त्यामुळे वरच्या लेव्हलचा शत्रू त्यातून बराच सुटतो. तोल इथल्यापेक्षा घट्ट आहे. बेरीज-वजाबाकीही जास्त, आणि नव्या खेळाडूला पहिले तीन रविवार जड जातात.

खरेदीपूर्वी एक करा. एप्रिल २०२५ मध्ये आलेला एसआरडी ५.२ हा खेळाच्या नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली फुकट मिळतो, साडेतीनशे पानांच्या वर आहे, आणि त्यात बाराही क्लास, प्रत्येकी एक सबक्लास आणि वेपन मास्टरी पूर्ण आहे. फायटरला चॅम्पियन, विझार्डला इव्होकर. सगळा छापू नका. खेळाडूच्या क्लासची पानं, शस्त्रांचा तक्ता आणि त्याचे स्पेल्स एवढंच कॉलेजजवळच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्या आणि दोन रविवार खेळून बघा. सोबत एका ए-फोर कागदावर पत्त्यांच्या मापाची नऊ कार्डं मावतात: आठ मास्टरीची, नववं सेकंड विंड आणि ॲक्शन सर्जच्या खुणा करायला. मराठीत दोन ओळी पुरतात, "टॉपल: लागला की सेव्ह १५, चुकला तर आडवा." कार्डं लॅमिनेट केलेलीच हवीत. मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीत साधा कागद ओलसर होऊन वाकतो आणि हवेनं टेबलाखाली जातो. प्लॅस्टिकवर मार्करनं केलेली खूण प्रत्येक ब्रेकनंतर पुसून पुन्हा वापरता येते.